चार उलटे, एक सुलटा

ओस्मारने जेवता जेवता सांगून टाकलं, की ईस्टर झाला की तो डायलिसिसला जायचं बंद करणार. भातात खडा लागला हे सांगावं तितक्या सहज सांगितलं आणि पुढचा घास घेतला.

जांदिराचा वाढता हात थांबला.

"बंद करणार म्हणजे काय?"

"म्हणजे नाही जाणार. ईस्टरपर्यंत जातो, मग पुरे."

"डॉक्टरांनी काय सांगितलंय, ठाऊक आहे ना? आठ-दहा दिवस नाही गेलास तर..."

"मला काय शिकवतेस, म्हातारे? इंजिनात ऑइल नाही घातलं तर काय होतं, ते मी जन्मभर लोकांना सांगत आलोय."

जन्मभर गॅरेज चालवलेला माणूस. स्वतःच्या मरणाबद्दल बोलतानाही ऑइल-पाण्याच्या पलीकडे जायचा नाही. जांदिराला वाटलं, हातातलं पातेलं याच्या टाळक्यात घालावं. पण तिने ते गुमान चुलीवर ठेवलं. ओस्मारशी वाद घातला की तो हट्टाला पेटतो, हे तिला लग्नाच्या पहिल्या महिन्यात कळलं होतं.

त्याला त्या यंत्राची भीती नव्हती. यंत्राशी त्याचं चांगलं जमायचं. पंपाचा आवाज जरा बदलला की तो नर्सला आधी सांगायचा. त्याला खाल्लं होतं ते व्हॅनने. आल्तो दा सेरा हे गाव डोंगरात, इस्पितळ खाली शहरात. पेशंटना न्यायला गावची व्हॅन होती, फुकट होती, ड्रायव्हर गुणी होता, तक्रारीला जागा नव्हती. पण ती उजाडायच्या आत निघायची, वाटेतल्या प्रत्येक वस्तीवर थांबायची, आणि शेवटच्या माणसाचं रक्त धुऊन होईपर्यंत परत निघायची नाही. ओस्मार दुपारीच मोकळा व्हायचा आणि मग दिवेलागणीपर्यंत इस्पितळाच्या बाकावर थंडीने कुडकुडत पडून राहायचा. सोमवार, बुधवार, शुक्रवार व्हॅनचे, आणि मधले दिवस व्हॅनचा शीण काढायचे. असं जगून करायचं काय, हा त्याचा प्रश्न होता.

दारात त्यांची बदामी फुस्का उभी होती. बाकीचं जग जिला बीटल म्हणतं ती ही गाडी, तेराशेच्या इंजिनाची, जुनी पण ठणठणीत. जांदिरा तिच्यातून त्याला एकदा घेऊन गेलीही होती. पण ही गाडी बाजारहाटाची आणि चर्चला जायची. हायवेवर ऐंशीला गेली की तिचं इंजिन मागून असं किंचाळायला लागे की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे. ओस्मार परत आला तो डोकं धरूनच. "कडेवर पोर रडतंय आणि आपल्याला त्याला गप्प करता येत नाही, तसं वाटतं मला," तो म्हणाला, आणि पुढच्या वेळी निमूट व्हॅनमध्ये जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी जांदिरा चीज घालून भाजलेले गरम पाव फडक्यात बांधून समोरच्या दोनातोकडे गेली. दोनातोही मेकॅनिकच. ओस्मार त्याच्या मुलीचा धर्मपिता झाला तेव्हापासून दोघं एकमेकांना कोम्पाद्रे म्हणत आणि जांदिरा झाली कोमाद्रे.

"दोनातो, फुस्काचं ते ओरडणं कमी होईल असं काही करता येतं का हो?"

"सायलेन्सर गेला का?"

"सायलेन्सर नाही. हायवेवर किंचाळते ती. ओस्मारला सोसत नाही. आणि व्हॅनने तो आता..." तिने आणखी एक पाव त्याच्यापुढे सारला. मग एका दमात बोलून टाकलं. "ईस्टरनंतर जाणार नाही म्हणतोय. कायमचाच."

दोनातोने तोंडातला घास कसाबसा गिळला. मग त्याने पत्र्याच्या शेडकडे पाहिलं.

शेडमध्ये त्याची लाल स्पोर्ट्स कार होती. फायबरच्या अंगाची, बसक्या बेडकासारखी जमिनीला टेकलेली, एका वेळी दोनच माणसं मावतील अशी. साओ पावलोच्या एका छोट्या कारखान्याने असल्या गाड्या काही दिवस बनवल्या आणि मग दिवाळं काढलं. दोनातोने तिचा सांगाडा आणला होता तेव्हा त्याचे केस काळे होते. पुढच्या वर्षी रस्त्यावर आणतो, असं तो दर वर्षी सांगायचा. घराबाहेर कधी पडलीच नाही म्हणून गल्लीने तिचं नाव 'दोनातोची नवरी' ठेवलं होतं.

"तिचा गिअरबॉक्स फुस्काच्याच घराण्यातला आहे," दोनातो म्हणाला. "पण ढांगा लांब. तेवढ्याच वेगाला इंजिनाला कमी धावावं लागतं. चढावर कुरकुर करेल, पण सपाटीला गुणगुणत जाईल."

"अहो, तुमच्या गाडीतला? नाही नाही, मी तेवढ्यासाठी नाही आले."

"मग कशाला आलात? पाव द्यायला?"

"दोनातो, तुमचे उपकार कसे..."

"हे बघा कोमाद्रे, रडायचं असेल तर घरी जाऊन रडा. मला आत्ताच नटांवर तेल सोडून ठेवायला हवं. इतक्या वर्षांत सगळे गंजून धरलेत."

ओस्मारने अर्थातच नाही म्हटलं. "त्याच्या नवरीचं पोट फाडून माझ्या म्हातारीला जोडायचं? लाज वाटू दे जरा." मग दोनातो स्वतः आला, दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "मी काय म्हणतो कोम्पाद्रे, तू नको म्हणतोस तेच बरं. तसाही आता तुला कुठे जमणार? मी करतो माझा एकटा. क्लचची तार जरा वाकडी बसेल, चालायचंच."

"वाकडी का बसेल?" ओस्मार खुर्चीतून उठला. "तुला जन्मात कधी क्लचची तार सरळ बसवता आली आहे का? कुठे आहे तो गिअरबॉक्सचा डबा? दाखव."

ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातला तो गुरुवार होता. ओस्मारच्या डाव्या हातात डायलिसिसची शीर केलेली, त्या हाताने वजन उचलायचं नाही, धक्का लागू द्यायचा नाही. त्यामुळे तो दारात रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसला आणि दोनातो गाडीखाली शिरला. मागून इंजिन उतरवलं, मग फुस्काचा गिअरबॉक्स, मग नवरीचा. ओस्मारचा हात चालत नव्हता तरी तोंड चालत होतं. "तेरा नंबरचा नाही, सतरा. अरे आंधळ्या, सतरा." जांदिरा पाने देत होती, डबे उचलत होती, आणि नवऱ्याचं हे खेकसणं एखाद्या भजनासारखं ऐकत होती. महिन्यांमागून महिने गेले होते, हा माणूस कुणावर असा खेकसला नव्हता.

शुक्रवार गुड फ्रायडेचा, अर्थात कुणी हातोडा उचलला नाही. त्या दिवशी आल्तो दा सेरात अंगण झाडणंसुद्धा पाप. ओस्मार व्हॅनने जाऊन आला, आणि जाताना दारात थांबून म्हणाला, "ही शेवटची फेरी." जांदिराने त्याचा स्वेटर नीट केला.

शनिवारी सकाळी नवा गिअरबॉक्स बसवायला घेतला आणि तिकडे गल्लीत येशूला दगा देणाऱ्या जुदासची तयारी सुरू झाली. दर वर्षीप्रमाणे पेंढा भरलेला पुरुषभर उंचीचा बाहुला, दुपारी खांबाला टांगायचा आणि सगळ्यांनी काठ्यांनी बडवायचा. यंदा त्याला कपडे जांदिरानेच दिले होते, ओस्मारचा गॅरेजमधला जुना निळा डगला. टांगायची वेळ होईपर्यंत जुदास ओस्मारच्या फुस्कामागे एका मोडक्या खुर्चीत पाय पसरून बसला होता. पोरंटोरं, बाया, काठ्या घेतलेले म्हातारे, सगळी गल्ली जमली आणि रस्त्यातली गाडी हलवा म्हणून बोंबलायला लागली.

"खाली उतरवायच्या आधी चाकं फिरवून बघू," ओस्मार म्हणाला.

"काय बघायचंय? सगळं घट्ट बसलंय. लोक आता आपल्यालाच टांगतील," दोनातो म्हणाला, आणि त्याने जॅक सोडला.

पहिली फेरी जांदिराने मारायची, असं ओस्मारने ठरवलं होतं, कारण हायवेवर तीच चालवणार. ती बसली. छातीवर क्रूस काढला, चावी फिरवली. इंजिन लागलं. क्लच दाबला, पहिला गिअर टाकला. काय मऊ पडला तो! तिने हलकेच क्लच सोडला आणि फुस्का दणकन मागे गेली.

लोक ओरडत बाजूला पळाले. खुर्ची मोडल्याचा आवाज आला.

"पहिला टाक, पहिला!" ओस्मार ओरडला.

"पहिलाच आहे!"

"मग दुसरा टाक!"

तिने दुसरा टाकला. गाडी आणखी जोरात मागे गेली. घाबरून तिने ब्रेक मारला, तिसरा टाकला, पुन्हा मागेच. शेवटी जीव मुठीत धरून तिने रिव्हर्स टाकला, आणि फुस्का अगदी शहाण्यासारखी पुढे सरकली. मागच्या बंपरला जुदास लोंबकळत होता, त्याचा निळा डगला अर्धा फाटलेला.

"अरे देवा," ओस्मार हात उभारून म्हणाला, "बायकोने नवऱ्याला उडवला!"

गल्ली हसून लोटपोट झाली. जांदिराला काय झालं ते कळेना, आपलीच चूक झाली असणार असं वाटून तिने इंजिन बंद केलं. तेवढ्यात दोनातोने कपाळावर हात मारला.

"कोम्पाद्रे, क्राऊन!"

ओस्मारचं तोंड उघडं राहिलं. फुस्काचं इंजिन मागच्या चाकांच्या मागे असतं. नवरीचं इंजिन चाकांच्या पुढे. म्हणून नवरीत गिअरबॉक्स उलट तोंडाने बसवावा लागतो, आणि आतलं मोठं दातेरी चाक, ज्याला मेकॅनिक क्राऊन म्हणतात, तेही या बाजूचं त्या बाजूला करावं लागतं, नाहीतर चाकं उलटी फिरतात. नवरीसाठी ते चाक फिरवलं होतं या दोघांनीच, त्याच शेडमध्ये, आपल्या हातांनी. आता तो डबा पुन्हा फुस्कात घालताना चाक परत फिरवायला हवं, हे गावातल्या दुसऱ्या कुणाला कळायचं कारण नव्हतं, आणि ज्यांना कळायला हवं होतं ते क्लचच्या तारेवरून भांडत बसले होते.

"चार रिव्हर्स!" ओस्मार म्हणाला. "चार उलटे आणि एक सुलटा! अख्ख्या ब्राझीलमध्ये एवढ्या जोरात मागे जाणारी गाडी नसेल!" आणि तो हसायला लागला. आधी खांदे हलले, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी आलं, तो फुस्काच्या टपावर डोकं टेकून हसत राहिला. जांदिरा आत स्टिअरिंग धरून बसली होती. त्याचं ते हसणं टपाच्या पत्र्यातून तिच्या डोक्यावर उतरत होतं, आणि ते थांबू नये म्हणून ती जागची हलली नाही.

"परत उतरवायचा," शेवटी डोळे पुसत तो म्हणाला. "उघडायचा आणि चाक फिरवायचं. उद्या ईस्टर, उद्या नको."

"सोमवारी करू," दोनातो म्हणाला.

"सोमवारी कसं? सोमवारी मी..."

ओस्मार थांबला. दोनातोने मान खाली घालून पाना पुसायला घेतला.

"मंगळवारी करू," ओस्मार म्हणाला.

पुढे ना त्याने काही सांगितलं, ना तिने विचारलं. ईस्टरचं जेवण झालं, पाहुणे आले, गेले. संध्याकाळी ती अंगणातले कपडे काढून आत आली तर दाराशी त्याची पिशवी भरलेली. पांघरूण, स्वेटर, रेडिओ.

"काय बघतेस अशी?" ओस्मार म्हणाला. "सोमवारी रक्त धुतलं नाही तर मंगळवारी डोकं चालेल का माझं? तो गाढव एकटा फिरवायला बसला तर या वेळी गाडी आडवी चालायला लागेल. लवकर उठव मला."

"उठवते," ती म्हणाली.

एवढं म्हणून ती परसात गेली आणि कोंबड्यांच्या खुराड्याआड ओंजळीत तोंड धरून मनसोक्त रडली. लोक नवस फळाला आला म्हणून आपारेसिदामातेचे, ब्राझीलच्या मेरीमातेचे, आभार मानतात. जांदिराने चूक झाली म्हणून मानले. माते, या दोन म्हाताऱ्यांच्या डोक्यातून ते चाक तू घालवलंस, तुझे फार फार उपकार. त्यांना असंच वेंधळं ठेव. तिने त्या दातेरी चाकाचे आभार मानले, जुदासचे मानले, आणि गावच्या व्हॅनचेही मानले, कारण सकाळी तीच यायची होती.

मंगळवारी डबा उघडला. ओस्मारने मांडीवर फडकं पसरून उजव्या हाताने चाकालगतची एकेक पातळ पत्ती तपासली, चाक त्या बाजूचं या बाजूला झालं. या वेळी चाकं हवेत असतानाच फिरवून पाहिली, दोनदा. दोनातो हात धुवायला मोरीवर आला तेव्हा जांदिराने त्याच्या हातावर पाणी घालता घालता हळूच विचारलं,

"दोनातो, खरं सांगा. तुम्ही मुद्दाम विसरलात ना?"

दोनातो रागावलाच. "कोमाद्रे, मी चाळीस वर्षं या धंद्यात आहे. मुद्दाम गाडी बिघडवून दिली असं माझ्याबद्दल कुणी बोललेलं नाही. विसरलो म्हणजे विसरलो. म्हातारा झालो."

"मग तुमच्या म्हातारपणाचं भलं होवो," ती म्हणाली, आणि त्याला टॉवेल दिला.

बुधवारी ती दोघं फुस्कातून निघाली. घाट उतरेपर्यंत जांदिरा अंग आवळून बसली होती. हायवे लागला, तिने चौथा टाकला, काटा ऐंशीवर गेला, आणि किंचाळी आलीच नाही. मागे इंजिन होतं, चालतही होतं, पण आपल्याशीच पुटपुटत. ओस्मारने कान टवकारले, मग हात मांडीवर ठेवले आणि खिडकीबाहेर कॉफीचे मळे बघायला लागला.

येताना मात्र चढ लागला आणि नव्या डब्याचा आळस दिसला. तिसऱ्यात गाडी ढिम्म, दुसऱ्यात टाकावी लागली. मागे ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसला.

"वाजवू दे त्याला," ओस्मार म्हणाला. बाकावर न लोळता तो भर उन्हात घरी निघाला होता, आणि त्याचा चेहरा थकलेला असला तरी माणसात होता. "म्हातारे, तुला माझा राग आला होता ना? जाणार नाही म्हटलं तेव्हा."

"राग? पातेलं घालणार होते डोक्यात."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर माझ्यासाठी गेला असतास. असा किती दिवस गेला असतास? पंधरा? वीस?"

तो वळण संपेपर्यंत गप्प राहिला. इतक्या वर्षांच्या संसारात गाडीत बसून ती दोघं कधी बोललीच नव्हती, बोलायची सोयच नव्हती. आता गप्प बसलं तरी ते ऐकू येत होतं.

"बरं केलंस," तो म्हणाला. "तू दोनातोकडे गेलीस ते फार बरं केलंस."

ओस्मारच्या तोंडून याहून जास्त आभार आजवर कुणी ऐकलेले नव्हते. जांदिराने नाक ओढलं आणि गिअर बदलला.

दोनातो फाटकात झाडू घेऊन उभा होता. त्याचं फाटक इतकं स्वच्छ झालं होतं की तो सकाळपासून तेच झाडत असावा.

"काय म्हणतो डबा?"

"चढावर झोपतो. तुझ्यासारखाच," ओस्मार गाडीतून उतरत म्हणाला. मग तो दोनातोच्या खांद्यावर हात टेकून उभा राहिला आणि त्याने तो हात लवकर काढला नाही. "उद्या सकाळी येतो तुझ्याकडे. नवरीचं पोट रिकामं ठेवून चालायचं नाही. तिच्यात काहीतरी घालू."

"सोड रे. तसला डबा आता मिळायचा नाही. मिळाला तरी दुरुस्त करा, जुळवा, बसवा. वर्ष जाईल, दीड वर्ष जाईल."

"जाऊ दे की. मी आहे ना!"

जांदिरा अजून गाडीतच होती. तिने काच पुरती खाली केली.

"काय म्हणालास?"

"वर्ष लागलं तरी लागू दे म्हटलं!" ओस्मार वैतागून मोठ्याने ओरडला. "मी आहे! बहिरी झालीस का?"

ती बहिरी नव्हती. पहिल्या वेळीच तिला सगळं स्वच्छ ऐकू आलं होतं. पण असलं बोलणं एकदा ऐकून कुणाचं भागतं?